सहा जूनला रेडिओला काय माहीत होतं

सहा जून १९४४ या तारखेबद्दल आपल्याला जरा जास्तच माहीत आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा, त्याचे पाच भाग, त्यांची सांकेतिक नावं, एका दिवसात उतरलेले दोस्तांचे दीड लाखाहून अधिक सैनिक, आणि अर्थातच शेवटी कोण जिंकलं ते. एवढं सगळं आधीच ठाऊक असलं की त्या दिवसाची भीती काही केल्या वाटत नाही. नकाशावरचे बाण पुढे सरकणारच असतात.

ती भीती मला सापडली ध्वनिमुद्रणांत. एनबीसी आणि सीबीएस या अमेरिकेतल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांचं त्या दिवसाचं प्रक्षेपण तबकड्यांवर उतरवून ठेवलं गेलं. ते बहुतांशी टिकलं आणि आता इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं. तासन्‌तास चालतं ते. त्यातले गाजलेले तुकडे तेवढे वेचून ऐकण्यात मजा नाही. ऐकायचं तर मध्यरात्रीपासून सलग ऐकावं, कंटाळ्यासकट. कंटाळा हा त्या दिवसाचा केवढा मोठा भाग होता, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

पाच जूनच्या संध्याकाळी अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलून गेले होते. विषय होता रोम. शत्रूच्या राजधान्यांपैकी एक हाती आली, आता दोन राहिल्या, असा त्या भाषणाचा सूर. ते बोलत होते त्याच सुमारास दोस्तांचे छत्रीधारी सैनिक फ्रान्सच्या अंधारात उतरत होते, आणि रूझवेल्टना ते ठाऊक होतं. हे भाषण आज ऐकताना मी आवाजात कुठे काही सापडतं का ते शोधत बसलो. काही सापडत नाही. राजकारणी माणसाच्या आवाजावर एवढी हुकमत असावी याचं कौतुक करावं की धसका घ्यावा, कळत नाही.

मग मध्यरात्र उलटते. न्यूयॉर्कमध्ये साडेबारा वाजून गेल्यावर बातमी येते, आणि ती येते शत्रूकडून. ट्रान्सओशन या जर्मन वृत्तसंस्थेने जाहीर केलेलं असतं की दोस्तांचं आक्रमण सुरू झालं आहे, सेन नदीच्या मुखाशी छत्रीधारी उतरले आहेत, ल हाव्र बंदरावर तोफांचा मारा चालू आहे. निवेदक हे वाचतो आणि लगेच पुढे सांगतो की ही बातमी फक्त जर्मन सूत्रांची आहे, दोस्तांकडून तिला कसलाही दुजोरा नाही. पाच मिनिटांनी परत तेच. दहा मिनिटांनी पुन्हा. जर्मनांची ही चाल असू शकते, हेही सांगितलं जातं. आक्रमण झालं अशी हूल उठवायची, म्हणजे फ्रान्समधले भूमिगत लोक उठाव करायला बाहेर पडतील आणि आयते पकडता येतील.

या सावधपणाला आणखी एक कारण होतं. तीनच दिवसांपूर्वी, तीन जूनला, असोसिएटेड प्रेसच्या लंडन कचेरीत टेलिप्रिंटरवर सराव करताना एक ओळ चुकून खरोखरच तारेवर गेली होती. दोस्तांचे सरसेनापती आयसेनहॉवर यांच्या मुख्यालयाने फ्रान्समध्ये सैन्य उतरल्याचं जाहीर केलं, अशी ती ओळ. अमेरिकेतल्या रेडिओवर ती वाचलीही गेली. काही मिनिटांत मागे घेतली गेली खरी, पण तेवढ्यात व्हायची ती फजिती झाली होती. दुधाने तोंड पोळलेले संपादक सहा जूनला ताकही फुंकून पीत होते.

आता घड्याळं जुळवून पाहू. ब्रिटनमध्ये तेव्हा उन्हाळ्यासाठी घड्याळं दोन तास पुढे केलेली होती. न्यूयॉर्क आणि लंडन यांत सहा तासांचा फरक पडायचा. न्यूयॉर्कचे साडेबारा म्हणजे किनाऱ्यावरचे सकाळचे साडेसहा. ओमाहा हे सांकेतिक नाव असलेल्या किनाऱ्यावर पहिल्या अमेरिकी तुकड्या उतरायची वेळ नेमकी तीच. म्हणजे न्यूयॉर्कमधला निवेदक ‘दुजोरा नाही’ म्हणत होता तेव्हा ११६ व्या रेजिमेंटची ए कंपनी पाण्यातून वाळूकडे निघालेली होती आणि त्यातले बहुतेक जण पुढच्या काही मिनिटांत मारले किंवा जखमी केले जात होते. बातमी खरी होती. जर्मनांनी दिलेल्या तपशिलात चुका होत्या, पण मूळ गोष्ट खरी होती. ती सांगणारा शत्रू होता म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, एवढंच.

पुढचे तीन तास म्हणजे रेडिओच्या माणसांची खरी परीक्षा. बोलायचं तर आहे, सांगायला काही नाही. सीबीएसचा बॉब ट्राउट बातमीदारांच्या खोलीतूनच बोलतो. टेलिप्रिंटरची खडखड मागे ऐकू येत असते. कागद आला की तो वाचायचा, नाही आला तर आत्ता काय येत नाहीये तेही सांगायचं. लष्करी जाणकार मेजर जॉर्ज फील्डिंग इलियट यांच्यासारखे लोक येऊन नकाशा डोळ्यांसमोर उभा करू पाहतात. फ्रान्समधल्या दिएप बंदराचा विषय निघतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथे उतरलेल्या कॅनडाच्या सैनिकांची वाताहत झाली होती, आणि हा तसलाच एखादा छापा तर नाही ना, ही शंका सगळ्यांच्या मनात असते. मध्ये मध्ये संगीत. मग पुन्हा तीच जर्मन बातमी, थोड्या वेगळ्या शब्दांत.

आजच्या चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांचं मूळ इथे आहे असं म्हणायचा मोह होतो, आणि थोडंफार ते खरंही आहे. पण एक फरक कानाला फार जाणवतो. हे लोक ओरडत नाहीत. आवाज चढवला तर बातमीचं वजन वाढतं, ही कल्पना त्यांना शिवलेलीच दिसत नाही. उलट जितका वेळ जातो तितका ट्राउटचा आवाज संथ होत जातो.

तीन वाजून बत्तीस मिनिटं. लंडनमध्ये नऊ बत्तीस. सरसेनापतींच्या मुख्यालयातून कर्नल अर्नेस्ट डुपुय पहिलं अधिकृत पत्रक वाचतात. ते एकाच वाक्याचं आहे. मूळ इंग्रजीत सव्वीस शब्द. जनरल आयसेनहॉवर यांच्या हुकमतीखाली दोस्तांच्या नौदलाने, मोठ्या हवाई दलाच्या साहाय्याने, आज सकाळी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दोस्तांच्या सेना उतरवायला सुरुवात केली आहे. बस्स. कुठे, किती, कसं, काहीही नाही. त्याच मिनिटाला लंडनमध्ये बीबीसीवर जॉन स्नॅग हीच बातमी ब्रिटनला सांगत होते. तीन तास नुसता धूर बघितल्यावर हे एक वाक्य ऐकताना, एवढ्या वर्षांनीही, पाठीचा कणा ताठ होतो. आणि गंमत म्हणजे त्या वाक्यात एक शब्दही खोटा नाही.

नंतरच्या भाषणांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

पत्रकानंतर आयसेनहॉवरचं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं भाषण लागलं, पश्चिम युरोपच्या लोकांना उद्देशून. नॉर्वेचे राजे हाकोन बोलले, हॉलंडचे आणि बेल्जियमचे पंतप्रधान बोलले. दुपारी चर्चिल पार्लमेंटमध्ये उभे राहिले. सभागृहातलं बोलणं तेव्हा रेडिओवर थेट ऐकवत नसत, त्यामुळे ते वार्ताहरांच्या तोंडून पोचलं. चर्चिल आधी दहा मिनिटं रोमबद्दलच बोलत राहिले, लोक खुर्चीच्या कडेवर, आणि मग मुद्द्यावर आले. या साऱ्यांच्या बोलण्यात एक धागा आहे. ही पहिली चढाई आहे. आणखी होतील. चर्चिलनी तर ही अशा मालिकेतली पहिली असल्याचं स्पष्टच सांगितलं.

मालिका वगैरे काही नव्हती. हिटलरला वाटत राहावं की खरा घाव फ्रान्सच्याच पा-द-कॅले भागात पडणार आहे, नॉर्मंडी ही नुसती हुलकावणी आहे, यासाठी महिनोन्‌महिने रचलेल्या बनावाचा तो शेवटचा अंक होता. ज्या निवेदकांनी रात्रभर जर्मन बातमी चिमट्याने धरून बाजूला ठेवली, त्यांनी दिवसभर आपल्या बाजूचा बनाव दोन्ही हातांनी वाटला. त्यांना ठाऊक नव्हतं. लष्करी जाणकार मंडळी दुसरं आक्रमण कुठे होईल याचे अंदाज मनापासून बांधत होती, आणि कुठलंही नाटक इतकं चांगलं वठलं नसतं. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. पण मन लावून ऐकणाऱ्याला हे बोचतं. खरी बातमी शत्रूच्या तोंडून आली आणि गोम होती ती आपल्यांच्या बोलण्यात.

त्या रात्री आणखी एक रेडिओ चालू होता, फारच कमी लोकांना ठाऊक असलेला. हुआन पुजोल नावाचा स्पॅनिश माणूस, जर्मनांच्या दृष्टीने लंडनमधला त्यांचा सर्वांत भरवशाचा हेर, प्रत्यक्षात ब्रिटिशांचा माणूस. गार्बो हे त्याचं ब्रिटिशांनी ठेवलेलं टोपणनाव. त्याची पत जर्मनांकडे पक्की राहावी म्हणून ब्रिटिशांनी असं ठरवलं की पहाटे तीनला त्याने माद्रिदमधल्या जर्मन हेरकेंद्राला आक्रमणाची खबर द्यायची. खरी खबर, फक्त उपयोग होणार नाही इतक्या उशिरा. ठरल्या वेळी बिनतारी यंत्रावरून हाका मारणं सुरू झालं आणि माद्रिदहून उत्तरच नाही! जर्मनांचा माणूस यंत्रावर नव्हता. सकाळ झाली तेव्हा कुठे संपर्क झाला. मग गार्बोने तक्रारीचा भडिमार केला, मी जीव धोक्यात घालतो आणि तुम्ही झोपा काढता. नऊ जूनला त्यानेच जर्मनांना पटवलं की नॉर्मंडी हा देखावा आहे. पुढे त्याला जर्मनांनी आयर्न क्रॉस दिला आणि ब्रिटिशांनी एमबीई हा किताब. दोन्ही बाजूंनी एकाच कामासाठी गौरवलेला असा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

ऐकणारे कोण होते, हा विचार त्या प्रक्षेपणात सतत डोकावतो. बीबीसीची फ्रेंच सेवा रोज संध्याकाळी निरर्थक वाटणारी वाक्यं वाचून दाखवायची. ती भूमिगतांसाठीचे निरोप असत. एक जूनला पॉल व्हर्लेनच्या शरदावरच्या कवितेच्या पहिल्या तीन ओळी वाचल्या गेल्या होत्या आणि पाच जूनच्या रात्री पुढच्या तीन. ओळींचा अर्थ जर्मन हेरखात्यालाही लागला होता. कॅले भागातल्या पंधराव्या सेनेला सावध करण्यात आलं. नॉर्मंडीत होती ती सातवी सेना, तिला कुणी सांगितलं नाही. तिथला बचाव ज्याच्याकडे होता तो रोमेल बायकोच्या वाढदिवसासाठी जर्मनीत घरी गेलेला. ऐकणं आणि ऐकलेलं योग्य माणसापर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामात मोठमोठी सैन्यं नापास होतात.

आम्सटरडॅममध्ये लपून बसलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या डायरीत सहा जूनची नोंद आहे. ती जवळजवळ रेडिओ ऐकल्याची नोंदवहीच आहे. सकाळी आठची बातमी, मग दहाची, मग पुढची. किनाऱ्यापासून ३५ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना बाँबहल्ल्याचा इशारा दिल्याचं ती लिहिते. हा दिएपसारखा नुसता प्रयोग तर नाही ना, अशी चर्चा त्यांच्या नाश्त्याच्या टेबलावरही झाली. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतली शंका आणि त्या लपायच्या जागेतली शंका अगदी एकच. हॉलंडमध्ये आदल्याच वर्षी लोकांचे रेडिओ जप्त झाले होते, म्हणजे ऐकणं हाच गुन्हा होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कदाचित शाळेत जाता येईल, असं तिने त्या दिवशी लिहिलं. चार ऑगस्टला त्यांना पकडलं.

फ्रेंच नेते द गॉल यांचं प्रकरण या सगळ्यात थोडं हलकं वाटतं, पण तेव्हा ते नव्हतं. आयसेनहॉवरच्या भाषणात फ्रेंच लोकांनी दोस्तांच्या मुख्यालयाचे हुकूम पाळावेत असं होतं आणि द गॉलच्या समितीचा उल्लेखच नव्हता. म्हणून त्यांनी इतरांच्या रांगेत बोलायला साफ नकार दिला. समजुती काढता काढता दिवस गेला आणि संध्याकाळी ते एकटे बोलले, आपल्या शब्दांत. अंतिम लढाई सुरू झाली आहे, म्हणाले. लोकांनी कुणाचे हुकूम पाळायचे, तर फ्रेंच सरकारचे. असल्या दिवशी मानापमान कसला काढायचा, असं पहिल्यांदा वाटतं. पण ते भाषण सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, हे कबूल करावं लागतं.

अमेरिकेत दुपार होते. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या मालिका काही ठिकाणी होतात, काही ठिकाणी गळतात, मध्येच तोडून बातमी दिली जाते. प्रार्थना, भजनं, पुन्हा बातमी. लंडनच्या रात्री नवाला राजे सहावे जॉर्ज बोलतात. त्यांच्या तोतरेपणावर वर्षानुवर्षं मेहनत घेणारे लायोनेल लोग याही भाषणाच्या तयारीला होते. प्रत्येक वाक्यापूर्वी एक पोकळी येते आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. मग वाक्य सुखरूप बाहेर पडतं.

आणि त्यानंतर, प्रथमच, समुद्रावरून परतलेली माणसं. छत्रीधाऱ्यांच्या विमानातून जाऊन आलेला राइट ब्रायन एनबीसीवर सकाळीच बोलला होता. पण मला आवडतो तो बीबीसीचा हॉवर्ड मार्शल. क्रिकेटच्या चाहत्यांना हे नाव ओळखीचं असेल. १९३८ मध्ये ओव्हलवर लेन हटनने ३६४ धावा केल्या तेव्हा त्याचं धावतं वर्णन मार्शलने केलं होतं. जाडसर, संथ, अजिबात घाई नसलेला आवाज. सहा जूनला तो किनाऱ्यावर उतरला, बोट पाण्यातल्या अडथळ्यात सापडली, तो पाण्यात गेला, आणि त्याच दिवशी इंग्लंडला परत येऊन त्याने माइक हातात घेतला. अंगावर तेच भिजलेले कपडे आहेत, टिपणं समुद्राच्या तळाशी गेली आहेत, असं तो सुरुवातीलाच सांगतो. त्या रात्री नवाच्या बातम्यांनंतर ‘वॉर रिपोर्ट’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि युरोपातलं युद्ध संपेपर्यंत चालला. त्याच्या वार्ताहरांसाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी खास ध्वनिमुद्रक बनवला होता. वजन ४० पौंड, म्हणजे अठरा किलो, आणि एवढ्याला त्या काळी ‘मिजेट’, म्हणजे ठेंगू, म्हणायचे.

अमेरिकी कंपन्यांचं मात्र ध्वनिमुद्रणाशी वाकडं होतं. जे काही ऐकवायचं ते थेट, हा एनबीसी आणि सीबीएसचा कडक दंडक. तबकडीवरचा आवाज म्हणजे श्रोत्याची फसवणूक, अशी समजूत. १९४० मध्ये सीबीएसचा वार्ताहर एड मरो लंडनच्या गच्चीवर उभा राहून बाँब पडताना बोलायचा, तेही त्यामुळेच थेट. सहा जूनला हा सोवळेपणा सुटला. ब्लू नेटवर्क या रेडिओ कंपनीचा जॉर्ज हिक्स ‘अँकॉन’ या जहाजावर होता आणि त्याच्याकडे फिल्मच्या पट्टीवर सुईने आवाज कोरणारं यंत्र होतं. जर्मन विमानं जहाजांवर चालून येतात, तोफा सुटतात, एक विमान पडतं, मागे खलाशी ओरडतात, आणि हिक्स बोलत राहतो. मध्येच तो श्रोत्यांची माफी मागतो. जरा दीर्घ श्वास घेतो आणि क्षणभर बोलायचं थांबतो, म्हणतो. आणि खरोखर थांबतो. अमेरिकेत हे ऐकू आलं तेव्हा सहा जूनची रात्र संपत आली होती. दहा वाजता रूझवेल्टनी प्रार्थना म्हणून दाखवली होती. तिचा मजकूर दुपारच्या वर्तमानपत्रांत आधीच छापून आला होता, लोकांना बरोबर म्हणता यावी म्हणून. युद्धाचा आवाज त्याहूनही नंतर आला.

‘अँकॉन’ ओमाहासमोर उभं होतं. त्या किनाऱ्यावर दिवसभरात दोन हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. सकाळी एका टप्प्यावर जनरल ब्रॅडली तिथून माघार घेण्याचाही विचार करत होते. चोवीस तासांच्या प्रक्षेपणात यातलं काही नाही. उलट हानी अपेक्षेपेक्षा कमी आहे, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे, असंच ऐकू येतं. इतर किनाऱ्यांपुरतं ते खरंही होतं. ए कंपनीतले कितीतरी जण व्हर्जिनियातल्या बेडफर्ड या छोट्या गावचे. त्या गावाने रूझवेल्टबरोबर प्रार्थना केली असणार. तारा आल्या त्या जुलैच्या मध्यानंतर, औषधांच्या दुकानातल्या टेलिप्रिंटरवर, एकामागून एक. आज त्या गावात या दिवसाचं राष्ट्रीय स्मारक आहे. हिक्सच्या मूळ पट्ट्या अनेक दशकं एका घरात पडून होत्या. २०१९ मध्ये त्या याच स्मारकाला देण्यात आल्या.

रेडिओवर त्या दिवशी जे वाचलं गेलं नाही, त्यातला एक कागद उरला आहे. चढाई फसली तर जाहीर करायचं निवेदन आयसेनहॉवरने आदल्या दिवशी पेन्सिलने लिहून पाकिटात ठेवलं होतं. सैनिकांनी शर्थ केली, काही दोष असेल तर तो फक्त माझा, एवढंच त्यात आहे. पुढे जुलैमध्ये ते पाकिटात सापडलं तेव्हा त्याने ते आपला नौदल सहायक हॅरी बुचर याला दाखवलं आणि बुचरने ते मागून ठेवून घेतलं. बुचर युद्धापूर्वी सीबीएसचा उपाध्यक्ष होता. न वाचलेल्या बातमीची किंमत त्याला नेमकी कळली असावी. कागदाखाली तारीख आहे पाच जुलै. लिहिताना आयसेनहॉवरचा महिनाच चुकला होता.